मनांतलें सोवळें

(वाचावें: प्रेषितांचीं कृत्यें १०:९–१६, गलतीकरांस २:११–१४)



दुसऱ्याच्या समजुतींत दोष काढणें सोपें. स्वतःच्या समजुतीची परीक्षा करणें फार कठीण. पेत्राचेंच पाहा. यापो येथें धाब्यावर प्रार्थना करीत असतां त्याला दृष्टांत झाला. प्रत्यक्ष प्रभूची आज्ञा होती, तरी लहानपणापासून मनांत बसलेल्या विटाळामुळें त्यानें नकार दिला. तीनदां तेंच घडलें. मग कोठें तो कर्नेल्याच्या घरीं जाण्यास तयार झाला.

असाच झगडा लक्ष्मीबाई टिळक यांनीं सोसला. त्यांचे पति कवि नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां बाईंवर आभाळ कोसळलें. त्या दुःखाचे कित्येक दिवस त्यांनीं आपल्या सोलापूर जिल्ह्यांतील पंढरपुरास नातलगांकडे काढिले. पुढें त्या पतीजवळ आल्या, तरी अन्नपाण्याचें सोवळें सुटेना. अखेर राहुरीस असतां त्यांनीं स्वतःलाच विचारिलें, जातिभेद देवानें केला कीं मनुष्यानें? पशुपक्ष्यांतला भेद डोळ्यांस दिसतो. माणसामाणसांत तसा भेद त्यांना कोठें सांपडेना. तेव्हां त्यांनीं कोणाच्याही हातचें अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० सालीं झाला. आधीं प्रामाणिक प्रश्न, मग कृति, मग बाप्तिस्मा, असा तो क्रम आहे.

परंतु बाप्तिस्म्यानें ही परीक्षा संपली असें समजूं नका. दृष्टांत पाहिलेला पेत्रच पुढें अंत्युखियास लोकांच्या भयानें परराष्ट्रीयांच्या पंक्तींतून उठला, आणि पौलाला त्याचा सर्वांसमक्ष निषेध करावा लागला. प्रेषिताची ही गत, तर आपली काय कथा? प्रभुभोजनास आपण एकत्र बसतों. पण मुलामुलींचीं लग्नें जुळवितांना पूर्वींची जात हळूच विचारतों कीं नाहीं? ‘वाडवडील असेंच करीत आले’ हें उत्तर पेत्रालाही देतां आलें असतें, आणि लक्ष्मीबाईंनाही.

प्रश्न विचारल्यानें विश्वास बुडेल, असें भय धरूं नका. खऱ्या सोन्याला कसोटीचें भय नसतें. या आठवड्यांत प्रत्येकानें एकांतांत आपली एकच जुनी समजूत देवापुढें ठेवावी व विचारावें, ही मला देवानें दिली कीं माणसांनीं? माणसांनीं दिली असें दिसलें, तर ती सोडण्यास उशीर लावूं नये. प्रभु आपणां सर्वांस तें धैर्य देवो. आमेन.