येथील सर्व क्षेम

आमच्या शाखेचा टेलिफोन बंद पडला आहे, ही बातमी मला एका गिऱ्हाइकाने दिली. प्रत्यक्ष येऊन दिली. फोन करून देता आली असती तर ती बातमीच उरली नसती.

खरे सांगायचे तर ते दोन दिवस शाखेत फार सुखाचे गेले होते. एरवी शटर वर गेले की फोन जो सुरू होतो तो 'पासबुकाचं मशीन चालू झालं का?' इथपासून 'तुमच्या शेजारचं झेरॉक्सचं दुकान उघडलंय का?' इथपर्यंत जगातले सगळे प्रश्न आमच्यावर आदळतात. त्या सोमवारी आणि मंगळवारी एकही प्रश्न आदळला नाही. आमचे साहेब म्हणाले, "बघा, सर्व्हिस सुधारली की तक्रारी आपोआप कमी होतात." मी मान डोलावली. साहेबांच्या वाक्यावर मान डोलावणे हा माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीचा पाया आहे.

आता तुम्ही विचाराल, की दोन दिवस फोन मेलेला आणि एकाच्याही लक्षात आले नाही? बाहेर फोन लावायला आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असतो. टेबलावरच्या फोनचा आमच्याकडे मुख्य उपयोग म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने व्हाउचरे उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवायला. ते काम तो मेल्यावरही पूर्वीइतकेच चोख करीत होता.

या फोनांची देखरेख माझ्याकडे आहे. शाखेच्या भिंतीवरच्या घड्याळातला सेल मी एकदा बदलला होता, तेव्हापासून मला 'टेक्निकल'ची आवड आहे असे साहेबांचे मत झाले. नवी टेलिफोन व्यवस्था आली ती सरळ माझ्या गळ्यात पडली. या व्यवस्थेत फोन हा कॉम्प्युटरचा धाकटा भाऊच असतो. त्याच प्रकारच्या जाळ्यावर जगतो, तारेतूनच बोलतो आणि वीजही तारेतूनच पितो. जाळे कुठे फाटले की एक प्रोग्राम ताबडतोब ई-मेलने वर्दी देतो. ती वर्दी मला येते.

पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक वर्दी वाचली. अमुक फोनने दोन सेकंद उत्तर दिले नाही. अमुक फोन परत आला. रात्री दोन वाजता : कर्ज विभागाचा फोन संपर्कात नाही. अहो, कर्ज विभाग दिवसाढवळ्या संपर्कात नसतो, तिथे रात्री दोनची काय कथा! दुसऱ्या आठवड्यात मी नुसती शीर्षके वाचली. तिसऱ्या आठवड्यात, या साऱ्या वर्द्या परस्पर एका कप्प्यात जाऊन पडतील अशी सोय केली आणि त्या कप्प्याला 'महत्त्वाचे' असे नाव दिले. सरकारी कचेऱ्यांचा अनुभव असलेल्या वाचकांना त्या नावाचा अर्थ सांगायला नको.

तर बुधवारी आलेले ते गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त गुरुजी. त्यांचे पेन्शन आमच्याकडे जमा होते. मंगळवारी त्यांना एका गोड आवाजाच्या माणसाचा फोन आला : तुमचे खाते आज बंद होणार, मोबाइलवर आलेला नंबर सांगा. गुरुजींना शंका आली. आमच्याच दारावर पाटी आहे : 'शंका आल्यास शाखेस फोन करा.' आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखा गुरुजींनी फोन केला. एकदा नव्हे, तीनदा. तिन्ही वेळा एका बाईंनी सांगितले, की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग बासरी लागली. तिसऱ्या वेळी गुरुजींनी वीस मिनिटे बासरी ऐकली. नंतर तो गोड माणूस पुन्हा आला आणि बेचाळीस हजार रुपये गेले.

गुरुजी ओरडले असते तर मला बरे वाटले असते. ते एवढेच म्हणाले, "तुमचा फोन लागत होता हो, उचलत कोणी नव्हतं. मला वाटलं, तुम्ही कामात असाल. तो माणूस मात्र पहिल्या रिंगला उचलायचा."

आम्ही १९३० या सायबर तक्रारीच्या नंबरवर फोन लावला, अर्ज लिहिले, शिक्के मारले. मग मी माझ्या जागेवर जाऊन 'महत्त्वाचे' उघडले. आत तीनशे बारा वर्द्या होत्या. हवी ती सापडली : सोमवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. फोनांना जाळे आणि वीज पुरवणारी पेटी उत्तर देत नाही. पाठोपाठ : बाराही फोन नोंदणीतून गळाले. यंत्राने आपले कर्तव्य केले होते. शाखेत माझ्याआधी चार तास हजर होऊन केले होते.

जिन्याखालच्या खोलीतले मुख्य यंत्र मात्र ठणठणीत होते, म्हणून तर बासरी वाजत होती. देखरेखीचा प्रोग्राम त्याला दर मिनिटाला 'पिंग' करतो आणि ते दर मिनिटाला उत्तर देते. हे पिंग माइक मूस नावाच्या अमेरिकन गृहस्थाने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले. पाणबुडी शोधायला पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकतात, त्यावरून हे नाव. पण पिंग एवढेच विचारते, 'आहेस का?' आणि उत्तर येते, 'आहे.' बरा आहेस का, कामाचा आहेस का, हे ते विचारीत नाही. आमच्या आजोबांची कार्डे अशीच असत. 'येथील सर्व क्षेम' ही पहिली ओळ आणि परसातली भिंत पडली, काकाला टायफॉइड झाला, म्हैस आटली, हे खाली.

माणूस अपराधी असला की वाचन वाढते. मी टेलिफोनांच्या जुन्या भानगडी वाचू लागलो आणि मला न्यूयॉर्क सापडले. १७ सप्टेंबर १९९१ रोजी तिथल्या एटी अँड टी कंपनीच्या एका मोठ्या केंद्रात बाहेरची वीज घेणे थांबवून स्वतःच्या जनरेटरवर जायचे ठरले होते. ते नीट जमले नाही आणि सारा भार बॅटऱ्यांवर आला. बॅटऱ्या सुमारे सहा तास पुरल्या. या सहा तासांत धोक्याचे इशारे चालू होते, पण ते कोणी पाहिले नाहीत. शेवटी केंद्र गप्प झाले, लाखो कॉल अडकले आणि विमानतळांचा संपर्क तुटून विमाने खोळंबली. इशारे पाहायची ती माणसे कुठे होती? ती प्रशिक्षणाला गेली होती. विषय : धोक्याच्या इशाऱ्यांची नवी यंत्रणा.

हे वाचून मला पाच मिनिटे फार बरे वाटले. मग वाटेना. कारण तिथेही वाईट माणूस कोणी नव्हता. सगळे आपापल्या कामात होते. गुरुजी म्हणाले तसेच.

मी कॉमर्सचा पदवीधर. तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स जुळली की जग जुळले, अशी आमची श्रद्धा. पण बी.कॉम.च्या पहिल्याच वर्षी एक चूक शिकवतात. एखादा व्यवहार दोन्ही बाजूंना लिहायचाच राहिला, तर तेरीज बिनबोभाट जुळते. जे लिहिलेच नाही ते तिला कसे दिसणार? मी ते पाठ करून पाच मार्क मिळवले होते. त्याचा अर्थ कळायला गुरुजींचे बेचाळीस हजार लागले.

कायदा मला काही म्हणणार नाही. नंबर गुरुजींनी सांगितला, पैसे चोराने नेले, पेटी जळली. माझ्या नावावर एकही नोंद नाही. पण मला माहीत आहे, की त्या दोन दिवसांत फोन वाजत नाही हे माझ्या लक्षात आले होते. मी चौकशी केली नाही, कारण ती शांतता मला सोयीची होती. गैरसोयीच्या शांततेची चौकशी कोणीही करतो. पोरे फार वेळ गप्प बसली की आई स्वयंपाकघरातून हाक मारते. सोयीची शांतता मात्र आपण देवाने दिली म्हणून ठेवून घेतो.

आता मी वर्द्या कमी केल्या आहेत. ज्यांच्यामुळे बाहेरचा माणूस अडेल तेवढ्याच येतात, पण त्या मोबाइलवर खणखणून येतात आणि पंधरा मिनिटांत मी 'वाचले' असे कळवले नाही तर साहेबांकडे जातात. एकदा पहाटे पाचला एक गेली. तेव्हापासून साहेबही 'सर्व्हिस सुधारली' असे म्हणण्याआधी फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावून पाहतात.

शिवाय रोज सकाळी मी समोरच्या चहाच्या टपरीवरून माझ्या पैशाने शाखेला फोन लावतो. बाई बोलतात, बासरी लागते आणि मग आमचे शिपाई उचलतात. "अहो, काचेतून दिसताय की! आत या ना," असे रोज म्हणतात. म्हणू देत.

महिन्यातून एकदा गुरुजींनाही फोन करतो. काम काही नसते. ते पहिल्या रिंगला उचलतात.

"येथील सर्व क्षेम," ते म्हणतात. "तुमचं कसं काय?"

मी आता त्या पहिल्या ओळीवर थांबत नाही. खाली काय लिहिले आहे ते विचारतो.