देवाचे शेत, जहाजाचे कर्ज

कायद्यातली ‘व्यक्ती’ हाडामांसाची असावी लागत नाही. ज्याच्या नावावर मालमत्ता चढते, ज्याच्यावर किंवा ज्याच्या वतीने दावा लावता येतो, ते सारे कायद्याच्या लेखी व्यक्तीच. कंपनी, नगरपालिका, विद्यापीठ यांना हे रूप द्यायला फारशी अडचण पडत नाही, कारण त्यांच्यामागे माणसे उभी असतात. खरा पेच दोन ठिकाणी पडतो: देवाची मूर्ती आणि जहाज. विधिशास्त्राच्या अभ्यासात हे दोन्ही एकाच प्रकरणात शेजारी शेजारी भेटतात. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या शहाजी लॉ कॉलेजच्या विद्यार्थ्याला त्यातला देव ओळखीचा असतो. अंबाबाईचे देऊळ त्याच्याच गावात आहे. जहाज मात्र घाटाखाली, समुद्रावर. पुढे एलएल.एम.साठी त्याने सागरी कायदा निवडला, गुजरात मेरिटाइम युनिव्हर्सिटी गाठली किंवा १९८८ साली माल्टात स्थापन झालेल्या इंटरनॅशनल मेरिटाइम लॉ इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश घेतला, की हाच पेच अभ्यासाच्या मधोमध येऊन बसतो. जहाजाला स्वतःचे कर्ज असू शकते का?

आधी देवाचे पाहू. देवस्थान इनाम जमिनीचा सातबारा हातात घेतला, तर भोगवटादार म्हणून देवाचे नाव लिहिलेले असते. वहिवाटदाराचे नाव त्याच्या खाली, आणि शेरा ‘देवस्थान इनाम वर्ग ३’ असा. कोल्हापुरात कार्यालय असलेल्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे तीन हजारांहून अधिक देवस्थाने आहेत, त्यामुळे असे सातबारे या भागात नवलाचे नाहीत. गावकरी सहज म्हणतात, ‘हे देवाचं शेत.’ या साध्या बोलण्यावर मीमांसकांनी फार पूर्वी आक्षेप घेतलेला आहे, आणि तो आक्षेप अजूनही पुरता विझलेला नाही.

जैमिनीच्या सूत्रांवरील भाष्यात, नवव्या अध्यायाच्या पहिल्याच पादात, शबरस्वामी देवतेच्या स्वामित्वाची चर्चा करतात. पूर्वपक्ष असा: देवतेला शरीर आहे, ती हविर्द्रव्य ग्रहण करते, प्रसन्न होते, फळ देते, लोक ‘देवग्राम’, ‘देवक्षेत्र’ म्हणतात, तेव्हा ती गावाची आणि शेताची मालकीण आहे. शबरांचे उत्तर कोरडे वाटावे इतके स्पष्ट आहे. जे आपल्या इच्छेप्रमाणे वापरता येते, देता येते, ते आपले. देवता गाव किंवा शेत असे वापरताना दिसत नाही. म्हणून ‘देवाचे शेत’ हा उपचार, म्हणजे बोलण्याची लकब. नैवेद्याची चव उतरते ती देवतेने त्यातले सत्त्व घेतले म्हणून नाही. वाऱ्यावर राहून अन्न निवते म्हणून. पण याच चर्चेत शबर एक वाक्य टाकून जातात आणि त्याचे मोल पुढे न्यायालयांनी जाणले. देवतेला उद्देशून जे सोडले, त्यातून देवाच्या सेवकांचा निर्वाह चालतो. म्हणजे मालकी खरी नसली, तरी देणे खरे आहे, त्यामागचा उद्देश खरा आहे आणि त्यावर जगणारी माणसेही खरी आहेत.

कल्याणीच्या विज्ञानेश्वराने मिताक्षरेत स्वत्व लौकिक ठरवले. मालकी लोकव्यवहारातून सिद्ध होते, तिच्यासाठी शास्त्रवचन लागत नाही, हा त्याचा सिद्धांत. एकदा हे मानले की लोकव्यवहार ज्याला मालक म्हणून वागवतो त्याला मालक म्हणायची वाट मोकळी होते. इंग्रजी अमदानीतली न्यायालये या वाटेने गेली. १८८७ साली मनोहर गणेश तांबेकर विरुद्ध लखमीराम गोविंदराम या डाकोरच्या रणछोडरायाच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने देवापुढचे दान देवाचे धरले. सेवकांकडे ते विश्वस्त म्हणून राहते, त्यांच्या खासगी मिळकतीत मिसळत नाही. १९२५ च्या मल्लिक खटल्यात प्रिव्ही कौन्सिल आणखी पुढे गेली. घरच्या देवाची पूजा कुटुंबात पाळीने होती. एकाला आपल्या पाळीत मूर्ती स्वतःच्या घरी न्यायची होती. मूर्ती ही जंगम वस्तू नव्हे, तिने कोठे राहावे याबाबत तिचीही इच्छा मानली पाहिजे आणि ती इच्छा मांडायला तटस्थ माणूस नेमला पाहिजे, असे कौन्सिलने ठरवले. शबरांनी जी इच्छा नाकारली, तीच न्यायालयाने देवाच्या पदरी बांधली.

ही इच्छा आली कोठून? न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जींनी धर्मादाय कायद्यावरील व्याख्यानांत दिलेले उत्तर सर्वांत पटणारे आहे. कायदा व्यक्तित्व देतो ते दगडाला किंवा धातूला नव्हे. दात्याने पाणी सोडताना जो संकल्प केला, तो दाता मेल्यावरही टिकावा म्हणून त्याला शरीर लागते, आणि मूर्ती ते शरीर होते. असे पाहिले की शबर आणि न्यायालय यांच्यातला विरोध बराच ओसरतो. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देवाला प्राप्तिकर भरायला लावला, तेव्हाही कराखाली आले ते संकल्पाचे उत्पन्न.

जहाजाचे प्रकरण उलट्या बाजूने सुरू होते. जहाजाला कोणी इनाम देत नाही. तिथे प्रश्न एकच: नुकसान झाले, देणे थकले, तर धरायचे कोणाला?

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात नावेचे नियम आहेत. नावाड्यांच्या चुकीने नावेत काही नासले, तर ते नावाड्यांनी मिळून, आपापल्या वाट्याप्रमाणे भरून द्यावे. दैवी आपत्ती असेल तर दंड नाही. इथे दोष माणसाचा आहे. नाव नुसते लाकूड. नारळी पौर्णिमेला कोकणातला कोळी होडीला हळदकुंकू लावतो, खंडेनवमीला कोल्हापूरचा कारागीर लेथला फूल वाहतो. पण होडीने धडक दिली म्हणून होडीला कोणी गुन्हेगार ठरवत नाही. पूजा एक, जबाबदारी दुसरी, ही वाटणी आपल्याकडे स्वच्छ होती.

इंग्लंडमध्ये ती तशी नव्हती. ज्या गाडीखाली किंवा बैलामुळे माणूस मेला, ती वस्तू देवाच्या नावाने राजाकडे जमा करण्याची जुनी चाल तिथे १८४६ पर्यंत कायद्यात होती. सागरी न्यायालयांत तर जहाजावरच दावा लावता येई. ‘बोल्ड बक्लू’ नावाच्या आगबोटीने हंबर नदीत दुसऱ्या जहाजाला धडक दिली आणि नंतर ती विकली गेली. घेणाऱ्याला धडकेची खबरही नव्हती. १८५१ साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की धडकेने जहाजावर चढलेला बोजा मालक बदलला तरी सुटत नाही. यालाच मेरिटाइम लीन म्हणतात. कर्ज मालकाच्या खात्यावर नसून गलबताच्या तळाला चिकटलेले.

भारतीय तत्त्वज्ञानाच्या कसोटीवर हे फार अवघड बसते. कर्मफळाच्या चर्चेत दोन दोष नेहमी टाळायचे असतात: कृतहानी आणि अकृताभ्यागम. केलेल्याचे फळ बुडणे हा पहिला, न केलेल्याचे फळ अंगावर येणे हा दुसरा. आत्मा नित्य मानण्यासाठी हीच जोडी पुढे केली जाते, कारण कर्ता आणि भोक्ता एक राहिला नाही तर हे दोन्ही दोष पदरी येतात. जहाजाच्या नव्या मालकावर जुन्या धडकेचा बोजा पडतो, हा उघड अकृताभ्यागम. पण बोजा न पडावा असे म्हटले, तर धडक देणाऱ्याने जहाज विकून हात झटकावेत आणि बुडालेल्यांच्या घरच्यांनी हताश पाहत राहावे, ही कृतहानी. दोनांपैकी एक दोष पत्करावाच लागतो. सागरी कायद्याने पहिला पत्करला आणि ते बरोबर केले, कारण खरेदीदाराला किंमत ठरवताना चौकशीची, विम्याची, करारात हमी घेण्याची सोय असते. धडक खाणाऱ्याला यातले काहीही करता येत नाही. कर्ता आणि भोक्ता एक ठेवण्यासाठी जहाजालाच कर्ता मानले, म्हणजे दोष निदान कागदावर मिटतो. तत्त्वज्ञाने आत्म्याकडून जे काम करून घेतले, ते इथे लोखंडी सांगाड्याकडून करून घेतले जाते.

भारतात हा कायदा पक्का झाला तो गोव्याच्या किनाऱ्यावरून निघालेल्या एका जहाजामुळे. ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ ८ फेब्रुवारी १९८४ रोजी मुरगाव बंदरातून वास्कोच्या एका कंपनीचा माल घेऊन, बिल ऑफ लेडिंग न देताच निघाले आणि रास अल खैमा येथे तो माल पाठवणाऱ्याच्या सूचनेविरुद्ध उतरवून मोकळे झाले. मालक परदेशी, त्याचा भारतात व्यवसायही नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जहाज विशाखापट्टणमला आले आणि आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशाने अडकले. वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला; १९९२ मध्ये न्यायालयाने ही अटक वैध ठरवली. अटकेचे दृश्य अगदी साधे असते. मुंबई बंदरात शेरीफच्या कार्यालयाचा माणूस लाँचमधून जहाजावर चढतो आणि वॉरंट चिकटवतो. बेड्या नाहीत, कोठडी नाही. तो कागद असेपर्यंत हजारो टनांचे जहाज नांगर उचलू शकत नाही.

पुढे संसदेने २०१७ चा अ‍ॅडमिरल्टी कायदा केला आणि तो १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला. त्याच्या नवव्या कलमात जहाजाला चिकटणाऱ्या देण्यांचा क्रम आहे. पहिला मान कप्तान, अधिकारी आणि खलाशांच्या पगाराला, त्यांना घरी पोचवण्याच्या खर्चासकट. मग जीवितहानी आणि इजा, मग बुडते जहाज वाचवणाऱ्याचे बक्षीस, मग बंदराची देणी. बाकीचा बोजा एका वर्षाने सुटतो, पगाराचा दोन वर्षांनी. या क्रमात कायद्याची माणुसकी दिसते. मालक दिवाळे काढतो आणि फोन उचलेनासा होतो. जहाज नांगरावर पडून असते. जनरेटरचे डिझेल संपत आलेले, पिण्याचे पाणी मापून वाटले जाते, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातली घरे महिनोन्‌महिने मनीऑर्डरीची नाही तर मुलाचीच वाट पाहत असतात. अशा वेळी ज्याच्याकडे मागावे असा एकही माणूस समोर उरत नाही. उरते फक्त पायाखालचे जहाज. ते ‘व्यक्ती’ असल्यानेच त्याच्यावर दावा चालतो, लिलाव होतो आणि पगार सुटतो.

लिलावाने आणखी एक गोष्ट घडते. उच्च न्यायालयाने विकलेले जहाज आठव्या कलमानुसार सर्व बोज्यांतून मुक्त होऊन नव्या मालकाकडे जाते. जुनी देणी विक्रीच्या पैशावर सरकतात. तीर्थस्नानाने पाप धुतले जाते या श्रद्धेशी याचे साम्य लगेच मनात येते, पण साम्य अर्धेच आहे. इथे काहीच धुतले जात नाही. ऋण एका शरीरातून दुसऱ्यात जाते.

मात्र जहाज खरोखर व्यक्ती आहे असे मानणेही फार दूर नेता येत नाही. त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने एका जहाजाच्या देण्यासाठी त्याच मालकाचे दुसरे जहाज अडकवता येते. जहाज स्वतंत्र कर्ता असते, तर बहिणीच्या कर्जासाठी बहिणीला धरणे अन्यायच ठरला असता. १९९७ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ‘इंडियन ग्रेस’ खटल्यात हे उघड बोलून दाखवले. स्वीडनहून कोचीला येणाऱ्या दारूगोळ्याच्या नुकसानीबद्दल भारत सरकारने जहाजमालकांविरुद्ध लढवलेला तो वाद. जहाजावरचा दावा हा वस्तुतः मालकावरचाच दावा आहे, जहाजाला माणूस मानण्याची कल्पना जुनी झाली, असे लॉर्ड्सनी म्हटले. शबरांचा ‘उपचार’ हा शब्द इथे चपखल बसतो: बोलण्याची लकब, पण उपयोगाची.

देव आणि जहाज यांना एकाच खणात ठेवले, तरी ते परस्परांचे उलटे आहेत. देवाला व्यक्ती केले ते त्याच्याजवळ काही राहावे म्हणून, जहाजाला केले ते त्याच्याकडून काही काढता यावे म्हणून. एकात संकल्पाला शरीर मिळाले, दुसऱ्यात ऋणाला. इच्छा दोघांनाही नाही. दोघांसाठी बोलणारा दुसरा लागतो, आणि तो बोलणारा स्वार्थी निघाला तर काय, ही काळजी दोन्हीकडे सारखीच. म्हणूनच २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील प्रकरणात सांगितले की महसुली नोंदीत मालक म्हणून फक्त देवाचे नाव राहावे. पुजारी व्यवस्थापक आहे, मालक नाही.

हक्क आणि देणे दोन्ही एकाच अचेतन वस्तूवर लादले की काय होते, ते गंगेच्या बाबतीत दिसले. २० मार्च २०१७ रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांना जिवंत व्यक्ती ठरवले, तेव्हा राज्य सरकारनेच सर्वोच्च न्यायालयात विचारले: पुरात नुकसान झालेल्याने नदीवर दावा लावला, तर भरपाई कोणी द्यायची? ७ जुलैला त्या निकालाला स्थगिती मिळाली. जहाजामागे जामीन ठेवणारा मालक असतो, देवामागे इनाम. नदीमागे असे कोणी नसते.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात कोल्हापुरात पाणी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत शिरले. चतुर्थी महिन्यावर आलेली, आणि घराघरांत अर्ध्या रंगवलेल्या गणेशमूर्ती. त्या भिजल्या, विरघळल्या. प्राणप्रतिष्ठा झालेली नव्हती, त्यामुळे धर्मशास्त्राच्या आणि कायद्याच्याही दृष्टीने त्या अजून देव नव्हत्या. तो कुंभारांचा माल होता आणि नुकसानही कुंभारांचेच.