"चालून जाईल" म्हणण्याचा हक्क

स्वतःची वस्तू मनुष्य स्वतःच दुरुस्त करतो तेव्हा त्याला जाब विचारणारे कोणी नसते. गिऱ्हाईक नाही, मुकादम नाही. मग "आपलीच तर आहे, चालून जाईल," असे म्हणण्याचा त्याला हक्क आहे काय? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस एका जुन्या शिडाच्या गलबताची हकीकत आठवते.

कप्तान जोशुआ स्लोकम यांना १८९२ साली अमेरिकेतील फेअरहेवन येथे 'स्प्रे' नावाचे गलबत फुकट मिळाले. सात वर्षे ते एका शेतात टेकू लावून ठेवलेले होते. "यात काही फायदा आहे का?" असे लोक विचारीत. स्लोकम यांनी तेरा महिने खपून आणि ५५३ डॉलर ६२ सेंट खर्चून ते स्वहस्ते नव्याने बांधले. तळाच्या कण्यासाठी जवळचाच ओक वृक्ष तोडला. नाळेसाठीही ओकाचेच भक्कम लाकूड निवडले. पुढे कीलिंग बेटांपाशी त्या नाळेने पोवळ्याचा खडक दुभंगला, पण तिला डागही लागला नाही, असे ते लिहितात.

हाच मनुष्य घड्याळाच्या बाबतीत मात्र निराळा वागला. जवळच्या जुन्या क्रोनोमीटरच्या दुरुस्तीला पंधरा डॉलर पडणार होते. त्याऐवजी त्यांनी फुटक्या तबकडीचे पत्र्याचे घड्याळ एका डॉलरला घेतले. प्रवासात त्याचा मिनिटकाटा गेला, तेव्हा घड्याळ चक्क उकळून काढले. ते तास दाखवू लागले, आणि तेवढ्यावर त्यांनी काम भागविले.

हा हलगर्जीपणा झाला काय? आम्हांस तसे वाटत नाही. चंद्राचा वेध घेऊन रेखांश काढण्याची विद्या त्यांच्या अंगी होती. पॅसिफिक महासागरात एकदा उत्तर शेकडो मैलांनी चुकले, तेव्हा त्यांनी छापील कोष्टकातलीच चूक हुडकून काढली. घड्याळ लंगडे होते, पण त्याचा ताळा पाहणारे डोके शाबूत होते. नाळेचा असा ताळा भर समुद्रात पाहता येत नाही. फळीआड दडलेला कच्चा सांधा कळतो तो वादळातच. २४ एप्रिल १८९५ रोजी बोस्टनहून निघालेले 'स्प्रे' सुमारे ४६,००० मैलांची पृथ्वीप्रदक्षिणा करून २७ जून १८९८ रोजी न्यूपोर्टला परतले, त्यात या तारतम्याचा वाटा मोठा आहे.

तेव्हा "चालून जाईल" हे शब्द नीट पारखून, चुकल्यास काय होईल हे जाणून उच्चारले, तर तो विवेक होय. तपासण्याचा कंटाळा आला म्हणून उच्चारले, तर ती फसवणूक होय.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. स्लोकम गलबतावर एकटे होते. सांधा निसटता तर त्यांचाच जीव जाता. वाचकहो, आपण तसे एकटे नसतो. सुट्टीच्या दिवशी आपण गॅसची नळी बदलतो, विजेची तार जोडतो, मोटारीचे ब्रेक उघडतो. दुसऱ्या दिवशी त्या शेगडीपाशी उभे राहणारे आणि त्या मोटारीत बसणारे आपलेच माणूस असते. आपण किती घाईत होतो, हे त्याला ठाऊक नसते.