पडक्या घराचं चित्र

आमच्या कोल्हापूर भागाला चित्रांचा नाद जुना. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, शाहू महाराजांच्या पदरी चित्रकार झाले आणि कोटितीर्थाच्या काठावर बसून पाणी, झाडं, उन्हं रंगवत राहिले. १९३१ साली ते गेले, पण उघड्यावर बसून चित्र काढायची रीत राहिली. अजूनही रविवारी शहरातली पोरं आमच्या गावात येतात, चिंचेखाली बसतात आणि जलरंगात गाव काढतात.

त्यांना काय आवडतं ते मी बघत आलोय. स्लॅबचं घर कुणी काढत नाही. ट्रॅक्टर, डीपी, ठिबकच्या नळ्या तर नाहीतच. सगळ्यांची नजर एकाच घरावर. भिंतीचे पोपडे निघालेले, कौलं घसरलेली, दारात म्हैस. घर एका म्हातारीचं. पावसाळ्यात तिला आत चार ठिकाणी भांडी मांडावी लागतात. चित्रात मात्र त्याच भिंतीवर काय सुरेख ऊन पडतं!

दुसऱ्याची अडचण आपल्याला सुंदर दिसावी, यात पाप आहे का?

शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलो तेव्हा सरांनी सांगितलं होतं, जलरंगात ऊन दाखवायला पांढरा रंग लावायचा नाही, तेवढा कागद कोरा सोडायचा. म्हणजे सोडणं हे या कलेचं अंगच. सगळंच काढायला गेलं तर रंगांचा नुसता चिखल. म्हणून डीपी गाळली याला मी खोटेपणा म्हणत नाही. पाहुण्याला शेत दाखवताना आपणही चांगल्या पिकाच्या बाजूनंच नेतो की.

पण एकदा एक पोरगा म्हणाला, "आजी, घर असंच ठेवा हं. बदलू नका."

म्हातारी म्हणाली, "ठेवते. पावसाळ्यात तू येऊन ऱ्हा."

पोरगं वाईट नव्हतं. पण मला वाटतं, खोट तिथं आहे. कागदावर काय सोडायचं ते चित्रकारानं ठरवावं. भिंत कशी राहावी हे त्यानं ठरवू नये. पडकं घर सुंदर म्हणायला हरकत नाही. ते सुंदर दिसतं म्हणून पडकंच राहावं, असं मनात आलं की आपण माणसाला चित्रापेक्षा हलकं धरलं.

यंदा म्हातारीनं मागच्या बाजूला पत्रा घातलाय. पोरं आता पुढच्या बाजूलाच बसतात. पत्र्यावरही सकाळचं ऊन पडतं. कुणीतरी ते काढून बघावं.