यवनाचा खांब

काही शब्दांचे प्राक्तन विचित्र असते. ते जन्मतात एका घरात, नांदतात दुसऱ्याच घरी आणि उतारवयात त्यांच्या वाट्याला शिवीचे जिणे येते. 'यवन' हा त्यांपैकीच एक शब्द. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनिया नावाचा ग्रीक लोकांचा प्रदेश होता. त्यावरून इराणी लोक सगळ्याच ग्रीकांना 'यौन' म्हणू लागले. संस्कृतात त्याचे 'यवन' झाले, प्राकृतात 'योन' झाले. हिब्रू भाषेत तोच शब्द 'यावान' असा आहे आणि आपल्या पवित्र शास्त्रातील उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायात याफेथाच्या पुत्रांमध्ये तो आपल्याला भेटतो. पुढे पश्चिमेकडून येणारा कोणीही यवन ठरला. बखरींच्या काळापर्यंत तो शब्द मुसलमानांना लागू झाला आणि त्यातला आदर पार आटून गेला. उरला तो केवळ परकेपणाचा डाग.

या शब्दाकडे आम्ही वळलो, त्याला एक निमित्त घडले. खडकवासल्याच्या बाजूला राहणाऱ्या आपल्या एका कुटुंबातील महाविद्यालयीन मुलाने आम्हांला विचारले, "फादर, आपला धर्म परका आहे असे मित्र म्हणतात. त्यांना काय उत्तर द्यायचे?" शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्यांनी तत्काळ उत्तर दिले, की संत थॉमस इसवी सन 52 मध्येच भारतात आले. ही परंपरा आम्हांलाही प्रिय आहे. परंतु या उत्तराने आमचे समाधान होत नाही. जमिनीच्या वादात सातबारा पुढे करावा, तसे आपण धर्माच्या बाबतीत जुने साल पुढे करतो आणि ज्याचा उतारा जुना त्याचीच जमीन, हा समोरच्याचा नियम मुकाट्याने मान्य करतो. मग काल-परवा ज्याने श्रद्धा स्वीकारली, त्याने काय दाखवावे? एखादी गोष्ट 'आपली' होते ती नेमकी कशाने, हा खरा प्रश्न आहे. तो सोडविण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. पुण्याहून लोणावळ्याच्या वाटेवर कार्ल्याचे लेणे आहे, तेथवर गेले तरी पुरे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा हा बौद्ध चैत्य सुमारे 124 फूट लांब आहे. स्तूपाच्या दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आहेत. अनेक खांबांवर, ते कोणी दान केले याची नोंद ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत कोरलेली आहे. या दात्यांमध्ये धेनुकाकट नावाच्या गावचे अनेकजण आहेत, आणि त्यांतील कित्येकांनी आपली ओळख 'यवन' अशी दिली आहे. सिहधय, धम्म, यसवधन ही त्यांची नावे. नावे पाहावीत तर सगळी इथलीच! म्हणून हे रक्ताने ग्रीक होते की नव्हते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. धेनुकाकट कोठे होते याविषयीही आहेत. आमच्या मते या वादापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या माणसांनी भाषा इथली घेतली, लिपी इथली घेतली, नाव इथले घेतले, दान केले तेही इथल्या भिक्षुसंघाला. तरीसुद्धा दगडावर कायमचे कोरून घेताना त्यांनी 'यवन' हा शब्द गाळला नाही. गाळावा असे त्यांना वाटले नाही आणि गाळा असे भिक्षूंनीही म्हटलेले दिसत नाही.

अर्थात हे दान निव्वळ भक्तीचे होते असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. कोकणातील बंदरांतून घाटावर येणारा व्यापारी मार्ग याच बाजूने जात होता, आणि विहारांशी सलोखा व्यापाऱ्याला सोयीचाच असणार. परंतु यवनाचा खांब इतरांच्या खांबांच्या रांगेतच उभा आहे. त्याच लेण्यात सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे नाव आहे, सामी नावाच्या सुताराचे नाव आहे. परक्याचा खांब म्हणून तो बाजूला काढलेला नाही, की पाहुण्याचा म्हणून अधिक उंच केलेला नाही. छताचे वजन सगळ्यांनी मिळून पेलल्यासारखे दिसते.

जुन्नरला तर इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन टाक्या खोदवून दिल्या, आणि चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. पाणी आणि अन्न! ज्या खडकवासल्याचे पाणी पुणे शहर पिते, तेथील धरणही मुळात इंग्रजी अमदानीत बांधले गेले. 1961 साली पानशेतच्या पुरात ते फुटले आणि आपल्या लोकांनी पुन्हा उभारले. त्या पाण्याला परके म्हणणारा अजून आम्हांला भेटायचा आहे.

त्याच गावात 1916 साली स्थापन झालेली जलसंशोधनाची मोठी संस्था आहे. तिच्या नावाची सुरुवातच 'केंद्रीय' या शब्दाने होते. 'केंद्र' हा शब्द ग्रीक 'केंत्रोन'वरून संस्कृतात आला, तोही ज्योतिषाच्या हाताला धरून. शेजारच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील छात्रांना पुढे ज्यांच्याशी गाठ पडते, त्या 'सुरुंगा'चे मूळ अभ्यासक ग्रीक 'सिरिंक्स'मध्ये, म्हणजे पोकळ नळीत, शोधतात. बाजारातला 'दाम' हा ग्रीक 'द्राख्मे'चा वंशज. पत्रिकेतील 'होरा'ही ग्रीकच. (पत्रिका पाहू नये असे आम्ही प्रवचनात सांगतो, आणि लग्न ठरविताना आपलीही काही मंडळी ती गुपचूप पाहून येतात, हे आम्हांला ठाऊक आहे.) वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त यवनांना म्लेच्छ म्हटले, तरी या शास्त्रामुळे ते ऋषींप्रमाणे पूज्य ठरतात हे मोकळेपणाने नोंदविले. देणाऱ्याचे नाव घेण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

हे चित्र इतके गोड आहे की त्यावर आपण संशय घ्यायला हवा. ग्रीक संस्कृतीचा दुसरा चेहरा आपल्याच शास्त्रात आहे. मक्काबींच्या ग्रंथांत अंतियोख राजाची हकिकत आली आहे. इ.स.पूर्व 167 मध्ये त्याने यरुशलेमच्या मंदिरात परदेवतेची वेदी उभारली, सुंता व शब्बाथ यांवर बंदी घातली. वृद्ध एलाजाराने आणि सात भावांनी आपल्या आईसह निषिद्ध मांस खाण्यापेक्षा मरण पत्करले. परंतु वाचकांनी थोडे मागे जाऊन दुसऱ्या ग्रंथाचा चौथा अध्याय पाहावा. सुरुवातीला जबरदस्ती नव्हतीच, मोह होता. मुख्य याजकानेच शहरात ग्रीक पद्धतीची व्यायामशाळा काढली, तरुण ग्रीक टोप्या घालू लागले आणि याजक वेदीची सेवा अर्धी टाकून खेळांकडे धावू लागले. काही तरुणांनी तर आपल्या सुंतेची खूणही लपविली, असे पहिला ग्रंथ सांगतो. मौज अशी, की ग्रीकांच्या अतिक्रमणाविरुद्धचा हा दुसरा ग्रंथ मुळात लिहिला गेला तो ग्रीक भाषेतच. ग्रीक भाषा त्या लेखकाला शत्रू वाटली नाही.

म्हणजे नुसते 'घेतले की लादले' एवढ्यावर निवाडा होत नाही. यरुशलेमच्या तरुणांनी टोपी आपणहून घेतली, तरी त्यात काहीतरी विपरीत होते, कारण ती घालण्यासाठी त्यांना आपण कोण हे लपवावे लागले. कार्ल्याच्या यवनाला ते लपवावे लागले नाही. घेणाऱ्याला किंवा देणाऱ्याला स्वतःची ओळख पुसावी लागते का, ही कसोटी आम्हांला सर्वांत भरवशाची वाटते.

या कसोटीला आपली ख्रिस्तसभाही लावून पाहावी. 1210 साली पॅरिसमध्ये धर्माधिकाऱ्यांनी अ‍ॅरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ शिकविण्यास मनाई केली. त्याच शतकात संत थॉमस अक्वायनसने त्याला ईश्वरविद्येच्या पंगतीत मानाने बसविले. सेमिनरीत आम्ही जो अ‍ॅरिस्टॉटल शिकलो तो या वाटेने आलेला. संत थॉमसने त्याचे अर्थ लावताना इब्न सिना आणि इब्न रुश्द या मुसलमान पंडितांचीही मदत घेतली. म्हणजे मूळच्या यवनाची ओळख पटवून द्यायला, मराठीने पुढे ज्यांना यवन म्हटले त्यांचाच हात लागला! गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत रचलेले 'क्रिस्तपुराण' 1616 साली छापले गेले. जन्माने इंग्रज असलेल्या या धर्मगुरूने आपल्या भाषेपुढे मान लववली. त्याच गोव्यात 1684 साली पोर्तुगीज राज्यपालाने हुकूम काढला, की स्थानिक लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. पहिले कार्ले, दुसरे अंतियोख. दोहोंचा वारसा आपल्याकडे आहे आणि यांतला एकच सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले, की धर्म कोठून आला हे लपवू नकोस आणि तू कोठला आहेस हेही लपवू नकोस. 'ख्रिस्त' हा शब्द ग्रीक, 'बायबल' ग्रीक, 'कॅथॉलिक' ग्रीक. आपले आजोबा-पणजोबा ज्याला लॅटिन मिस्सा म्हणत, तिच्यातील 'किरिये' हीदेखील ग्रीकच प्रार्थना. ती त्यांनी आयुष्यभर शब्दार्थ न कळता म्हटली आणि तिच्यावर प्राण ठेवला. मित्रांनी विचारले तर हे सगळे हसतमुखाने सांगावे.

खरी अडचण मित्रांच्या प्रश्नात नसून आपल्या अंगणात आहे. सिंहगड रस्त्याच्या बाजूने गेल्या काही वर्षांत जे उंच इमले उठले, त्यांच्या कामावर झारखंडकडील आदिवासी मजूर येतात. त्यांतली काही कुटुंबे कॅथॉलिक आहेत. रविवारी ती शेवटच्या बाकांवर बसतात, मिस्सा संपताच निघून जातात. आपल्याकडे त्यांना 'बाहेरचे' म्हणतात. द्वेषाने नव्हे, सवयीने. त्यांच्यातील एका बाईंना आम्ही घरी कोणती भाषा बोलता असे विचारले. त्या म्हणाल्या, "हिंदी." दोन-तीन भेटींनंतर, मुले जवळ नाहीत असे पाहून त्यांनी हळूच सांगितले, की घरी कुडुख बोलतात.

येत्या महिन्यापासून रविवारच्या विनंत्यांपैकी एक प्रार्थना कुडुख भाषेत व्हावी, असे आम्ही सुचविले आहे. मंडळाच्या सभेत काही सभासदांनी हरकत घेतली, की ती कोणाला समजणार? प्रश्न रास्त आहे. 'किरिये' किती जणांना समजत होते, एवढेच आम्ही त्यांना विचारले.