तुम्ही कोणाचे?

मदत मागायला आलेल्या माणसाला ‘तू कोणाचा?’ असे विचारू नये, हे आपल्याला लहानपणी शिकवलेले असते. मदत करायला आलेल्या माणसाला मात्र तो प्रश्न विचारावा की नाही, हे कुणी शिकवत नाही. आपल्या समाजात तर हाच प्रश्न सगळ्यात आधी येतो. संस्था कोणाची? देवबंदी की बरेलवी? तबलीगवाल्यांची की जमातवाल्यांची? अहले हदीसचा पैसा आहे का? मागे शिया आहेत, बोहरी आहेत, आगाखानी आहेत की कादियानी? शिष्यवृत्ती किती, ती कुणाला मिळते, हिशेब कुठे बघायला मिळेल, हे प्रश्न मागाहून येतात. पुष्कळदा येतच नाहीत.

मग संस्थाही घाईघाईने खुलासा काढते की अमुक पंथाशी आमचा काडीचाही संबंध नाही. असे खुलासे आम्ही पुष्कळ वाचले आहेत आणि एक स्वतः लिहिलाही आहे. त्याबद्दल शेवटी सांगू. आधी एक मोठे उदाहरण घेऊ, कारण लहान गावात जे पुसट दिसते ते तिथे ठळक दिसते.

नोव्हेंबर 2002 मध्ये पाकिस्तानात अध्यक्षांच्या वटहुकमाने कराचीच्या आगाखान विद्यापीठाला शालान्त परीक्षांसाठी स्वतःचे मंडळ स्थापन करण्याची परवानगी मिळाली. पुढच्या वर्षी अमेरिकी सरकारच्या मदत-संस्थेने त्यासाठी 45 लाख डॉलर देण्याचे ठरवले. एवढे पुरेसे होते. धार्मिक पक्ष आणि त्यांच्या विद्यार्थी संघटना रस्त्यावर आल्या. मुलांचे शिक्षण आगाखानींच्या हाती चालले आहे, आज परीक्षा, उद्या पुस्तके आणि परवा ईमान, असा त्यांच्या म्हणण्याचा सूर होता. विद्यापीठाने उत्तर दिले की मंडळाशी जोडून घेणे शाळांच्या मर्जीवर आहे, अभ्यासक्रम सरकारचाच राहील, आम्ही फक्त परीक्षा घेऊ. उत्तर खरे होते. पुढे 2007 पासून परीक्षा सुरूही झाल्या.

तरी त्या उत्तरात एक अडचण होती. संबंध तर होताच. विद्यापीठाचे कुलपती म्हणजे खुद्द आगाखान, निजारी इस्माईलींचे हाजिर इमाम. संस्थेच्या नावातच ते होते. ‘ही संस्था पंथाचा प्रचार करीत नाही’ हे वाक्य खरे, आणि ‘ही संस्था पंथाच्या इमामाने काढलेली आहे’ हेही खरे. आरोप करणाऱ्यांना दुसरे वाक्य पुरत होते. बचाव करणाऱ्यांना पहिलेच पुन्हा पुन्हा सांगावे लागत होते. दोन्ही एका दमात म्हणायची सोय जणू कुणी ठेवलीच नव्हती.

हा गुंता मुंबईला नवा नाही. 1866 साली मुंबईच्या हायकोर्टात जो ‘आगाखान खटला’ गाजला तो मुळात जमातीच्या धर्मादाय मालमत्तेचा खटला होता. खोजा जमातीतले काही लोक म्हणत होते की आम्ही मूळचे सुन्नी, जमातीच्या पैशात हसन अली शाह आगाखान यांनी हात घालू नये आणि हिशेब व्हावा. न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी इस्लामचा इतिहास खलिफांच्या काळापासून तपासला आणि खोजे हे शिया इमामी इस्माईली असल्याचा निकाल दिला. हिशेब मागायला गेलेल्यांना अकीद्याचा निकाल मिळाला! तेव्हापासून आजतागायत आपले बरेच हिशेब असेच सुटतात.

आता त्याच आगाखानी नावाखाली चाललेले दुसरे काम पाहा. डिसेंबर 1982 मध्ये गिलगिटच्या डोंगराळ मुलखात आगाखान फाउंडेशनने ग्रामीण साहाय्याचा एक कार्यक्रम सुरू केला. तो उभा केला शोएब सुलतान खान यांनी. ते इस्माईली नव्हेत, मुरादाबादकडे जन्मलेले, सरकारी नोकरीतून आलेले गृहस्थ. पुढे 1992 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कामाची रीत साधी होती. गावातल्या सगळ्या घरांनी एकत्र यायचे, संघटना करायची, नियमाने थोडी थोडी बचत करायची आणि गावाला कशाची निकड आहे ते आपणच ठरवायचे. कुठे पाण्याचा पाट, कुठे दरीतून वर येणारा रस्ता. मग त्या एका कामाला अनुदान मिळे, मजुरी-मेहनत गावाची.

हुंझामध्ये बहुसंख्य लोक इस्माईली आहेत. नदीपलीकडे नगर आहे, तिथले लोक इस्ना अशरी शिया. खालच्या अंगाला सुन्नी वस्ती. नगरच्या उलेमांना सुरुवातीला शंका होती आणि ती असणे स्वाभाविक होते. पण काही काळाने तिथेही संघटना उभ्या राहिल्या. का राहिल्या असतील? आमच्या समजुतीप्रमाणे, दारात काय मागितले जाते ते लोकांना दिसले. बैठकीला या आणि बचत करा, एवढेच मागितले जात होते. इमामाला माना, असे कुणी म्हणत नव्हते. ज्या भागात 1988 साली शिया-सुन्नी दंगलीत माणसे मारली गेली, त्याच भागातली ही गोष्ट आहे.

पुण्याचा आगाखान पॅलेस आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. गांधीजींची नजरकैद आणि कस्तुरबांचा मृत्यू यामुळे तो आपल्याला माहीत असतो. 1892 मध्ये तिसऱ्या आगाखानांनी तो बांधून घेतला तो दुष्काळाने गांजलेल्या आसपासच्या गोरगरिबांना काम मिळावे म्हणून, असे सांगतात. तिथे दगड वाहायला आलेल्या बाईने धन्याचा पंथ विचारला असेल असे वाटत नाही. भुकेल्या माणसाला हा प्रश्न परवडत नाही. पण म्हणूनच त्याच्या वतीने तो कुणीतरी विचारायला हवा, असेही म्हणता येईल, आणि हे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेणार नाही.

कारण पैशाने मन वळते, हे आपल्या धर्मालाही ठाऊक आहे. सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत त्यांत एक आहेत ‘मुअल्लफतुल कुलूब’, ज्यांची मने जोडून घ्यायची आहेत असे लोक. हजरत अबू बक्र यांच्या खिलाफतीत हजरत उमर यांनी असे देणे थांबवायला लावले. इस्लाम आता बळकट झाला आहे, त्याला अशा मनधरणीची गरज उरली नाही, हे त्यांचे कारण. हनफी फुकहांच्या मते तो हक्क तेव्हापासून उरला नाही, इतर मजहबांत मतभेद आहेत. मुद्दा असा की देण्यातून मन जोडले जाते हे आपण मान्य केलेले आहे. मग दुसऱ्याच्या पैशाने आपल्या माणसाचे मन तिकडे वळेल अशी भीती आपल्या मौलवींना वाटली, तर तिला निव्वळ अडाणीपणा कसे म्हणावे? रमजानच्या शिध्याच्या पिशवीत तांदूळ, साखर, खजूर आणि तळाशी आपल्या मसलकाचे पत्रक, ही पिशवी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ती वाटणारे आपलेच लोक असतात.

पण त्याच कुरआनात दुसरी गोष्टही आहे. मदिन्यात काही मुसलमानांना आपल्या मुश्रिक नातेवाइकांवर खर्च करायला संकोच वाटू लागला, तेव्हा सूरह बकरामधली एक आयत उतरली, असे इब्ने अब्बास यांच्या रिवायतीत येते. तिचा आशय असा की त्यांना वाटेवर आणण्याची जबाबदारी तुमची नाही, तुम्ही जे भले खर्च कराल ते तुमच्याचसाठी आहे. म्हणजे घेणाऱ्याचा अकीदा ही देण्याची अट होऊ शकत नाही. तो सुधारला नाही म्हणून हात आखडायचा नाही.

यावरून आम्हाला वाटते की ‘तुम्ही कोणाचे?’ यापेक्षा दुसरे प्रश्न अधिक कामाचे आहेत. तुमच्याकडून फी घेतलेल्या मुलीने तुमच्या पंथाला नाही म्हटले, तर पुढच्या वर्षी तिला फी मिळेल का? दुसऱ्या मसलकाची किती मुले यादीत आहेत? हिशेबाची वही कुणीही उघडून पाहू शकतो का? या प्रश्नांना खुलाशाचे पत्रक पुरत नाही, वही काढावी लागते.

आणि नाकारून सुटका होते, असेही नाही. अब्दुल सत्तार ईधी यांच्याइतका ‘कुणाचाही नसलेला’ माणूस विरळा. गुजरातेतल्या बांटव्याचे मेमन. फाळणीनंतर कराचीत गेल्यावर ते मेमनांच्याच एका धर्मादाय संस्थेत काम करू लागले. तिथे फक्त मेमनांनाच मदत मिळते हे पाहून भांडून बाहेर पडले आणि 1951 मध्ये मिठादरला स्वतःचा दवाखाना काढला. टाकून दिलेल्या बाळांसाठी त्यांनी केंद्राबाहेर पाळणे ठेवले. त्यांनाही काफिर म्हटले गेले, कम्युनिस्ट म्हटले गेले, पाळण्यांमुळे हरामाला उत्तेजन मिळते असेही म्हटले गेले. पाकिस्तानात हरवलेली एक मुकी-बहिरी मुलगी त्यांच्याकडे राहिली. तिचे नाव आधी फातिमा ठेवले होते. ती हिंदू आहे असे लक्षात आल्यावर बिल्किस ईधींनी तिला गीता म्हणायला सुरुवात केली आणि तिच्या देवांसाठी केंद्रातच जागा करून दिली. 2015 मध्ये ती भारतात परतली. तिची आई मराठवाड्यात सापडल्याची बातमी 2021 मध्ये आली, आणि ती जगाला कळवणाऱ्यांत बिल्किसबाई होत्या. ईधी 2016 मध्ये गेले. त्यांनी आपण अमक्याचे नाही असे पत्रक काढून आरोप मिटवले नाहीत. त्यांची रुग्णवाहिका येत राहिली.

नाकारण्याची किंमत मात्र तिसराच कुणीतरी मोजतो. डिसेंबर 2004 मध्ये चित्रालला आगाखान आरोग्यसेवेच्या कार्यालयावर हल्ला झाला आणि दोन कर्मचारी मारले गेले. मे 2015 मध्ये कराचीत सफूरा गोठजवळ बस अडवून चाळीसहून अधिक इस्माईलींना गोळ्या घातल्या गेल्या. जिथे एखाद्या पंथाचे नाव एवढे महाग पडते, तिथे ‘आमचा त्यांच्याशी संबंध नाही’ या वाक्याचा अर्थ ‘संबंध असता तर तुमचा राग रास्त होता’ असाच निघतो. बोलणाऱ्याच्या मनात तो नसला तरी.

आता आमचे. काही वर्षांपूर्वी आम्ही चार-सहा जण मिळून गावात मुलींच्या फीसाठी एक लहानसा फंड चालवत होतो. रमजानमध्ये जकात यायची, एरवी शे-पाचशेच्या पावत्या. बाजारातले एक खोजा दुकानदार दर महिन्याला हजार रुपये देत. ते आम्ही जकातीत मिसळत नव्हतो, वेगळे लिहीत होतो. एका जुम्याला नमाजनंतर चिठ्ठी फिरली की हा फंड आगाखानींच्या पैशावर चालतो, इथे जकात दिली तर ती अदा होत नाही. रमजान पंधरा दिवसांवर आला होता. त्या रात्री आम्ही बसून पत्रक लिहिले. ‘आमच्या फंडाचा आगाखानी वा अन्य कोणत्याही पंथाशी काडीचाही संबंध नाही.’ सगळ्यांनी सह्या केल्या. पाचशे प्रती छापल्या.

पत्रकाचा उपयोग झाला, हे कबूल केले पाहिजे. त्या रमजानमध्ये जकात नेहमीइतकी आली आणि अकरा मुलींची फी भरली गेली. त्यातल्या चौघींची त्या गृहस्थांच्या पैशातून. ‘काडीचाही’ हा शब्द कुणी सुचवला ते आता आठवत नाही. आम्ही असे लिहायला हवे होते की होय, एक आगाखानी गृहस्थ आमच्या फंडाला पैसे देतात, जकातीची वही वेगळी आहे, येऊन पाहा. तसे लिहिले असते तर फंड टिकला असता का? आमच्यातले निम्मे आजही म्हणतात, नसता टिकला. आम्हाला खात्रीने सांगता येत नाही.

पुढच्या महिन्यात आमच्यापैकी एक जण नेहमीप्रमाणे त्यांच्या दुकानात गेला. पत्रक त्यांच्यापर्यंत पोहोचलेले होते, शेजारच्या दुकानाच्या शटरवरच कुणीतरी चिकटवले होते. त्यांनी गल्ला उघडून हजार रुपये मोजले आणि म्हणाले, ‘‘भाई, पावतीवर नाव नका लिहू. तुम्हाला उगाच तकलीफ होईल.’’

पावतीपुस्तक अजून आमच्याकडे आहे. त्या महिन्यापासून पुढच्या सगळ्या स्थळप्रतींवर त्यांच्या नावाच्या जागी आमच्या अक्षरात ‘एक हितचिंतक’ असे लिहिलेले आहे.