घामाला पुरून उरणारं पोलाद

सावकाश बसा. पाठ टेकवा, खांदे सैल सोडा. शस्त्र जवळ नको, ते कुलपात राहू द्या. अंगावर रोज बाळगायच्या छोट्या रिव्हॉल्व्हरला गंजापासून कशाने जपावं, एवढाच प्रश्न आज मनात धरायचा आहे.

फ्लोरिडातला ऑगस्ट डोळ्यांपुढे आणा. हवा जड, ओलसर. सदऱ्याखाली, कमरपट्ट्याच्या आत, कातडी म्यानात पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर आहे. त्याची एक बाजू दिवसभर अंगाला चिकटून असते. घाम झिरपतो, पाणी उडून जातं, मीठ उरतं. कातडं ओल धरून ठेवतं. मीठ, ओल आणि हवा एकत्र आली, की पोलाद गंजू लागतं. हा गंज आपल्याच अंगातून येतो, हे मनात मुरू द्या. श्वास घ्या. सोडा.

आता पोलाद जपण्याच्या उपायांकडे वळा. आधी काळसर निळं ब्लूइंग. स्मिथ अँड वेसन कंपनीचं ‘चीफ्स स्पेशल’ हे छोटं रिव्हॉल्व्हर 1950 साली आलं, ते या रूपात ओळखीचं झालं. ब्लूइंगमध्ये पोलादाचा पृष्ठभागच मॅग्नेटाइट होतो. हाही लोखंडाचाच ऑक्साइड, पण तांबड्या गंजासारखा सुटत जाणारा नाही. थर मात्र फार पातळ. त्याची खरी राखण त्यावरचं तेल करतं. स्वतःला विचारा: रोज रात्री मी हे पुसून तेल लावेन का? दमून आलो तरी? उत्तराची घाई नको.

मग निकेल. पोलादावर चढवलेला हा वेगळा धातू, लखलखीत. अखंड आहे तोवर तो चांगलं रक्षण करतो. खोल ओरखडा पडला, की तिथून ओल आत शिरते आणि पापुद्रा सुटू लागतो. काही वेळा निकेलखाली तांब्याचा थर असतो. नळी साफ करायच्या अमोनियायुक्त द्रावणाने तो खाल्ला जातो. आपण काय वापरतो, हे आठवून पाहा.

नायट्रायडिंगमध्ये नायट्रोजन पोलादाच्या पृष्ठभागातच मुरवतात, म्हणून तिथे सुटायला पापुद्रा नसतो. सिरॅमिक मिसळलेला, भट्टीत पक्का केलेला रंगही चांगला टिकतो, पण म्यानात घासून कडांवर झिजतो.

आता स्टेनलेसपाशी जरा जास्त थांबा. 1965 साली स्मिथ अँड वेसनने ‘मॉडेल 60’ हे रिव्हॉल्व्हर या धातूत आणलं. स्टेनलेसमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते पृष्ठभागावर काही नॅनोमीटरचं कवच धरतं. ओरखडा पडला तर तिथे कवच पुन्हा आपोआप धरलं जातं. विसरणाऱ्या माणसाला ही मोठी सवलत आहे. पण मिठातलं क्लोराइड हे कवचही भेदतं आणि बारीक खड्डे पाडतं. आतल्या स्प्रिंगा तर बहुतेकदा साध्या पोलादाच्याच असतात. सवलत मिळाली म्हणून सुटका झाली, असं नाही.

आता आपल्याकडे पाहा. मला घाम किती येतो? शस्त्र खिशात राहतं, की अंगाला लागून? पुसायची सवय खरोखर आहे, की नुसती इच्छा? जो माणूस रोज न चुकता निगा राखतो, त्याला ब्लूइंगही पुरतं. ज्याची निगा चुकते, त्याने स्टेनलेस किंवा नायट्रायडिंग घ्यावं, आणि त्यात कमीपणा मानू नये.

पोलाद किंवा मुलामा कोणताही असो, पुसण्याआधी नळी सुरक्षित दिशेला धरा, सिलिंडर उघडा, गोळ्या काढा आणि पाचही कप्पे डोळ्यांनी व बोटाने तपासा. जीव घेऊ शकणारी वस्तू आपण बाळगतो, याची आठवण रोज व्हायला हवी, आणि ती या कामात होते.

निवड करताना आपला सर्वांत शिस्तीचा दिवस धरू नका. अंग थकलेलं आणि मन आळसावलेलं असेल, त्या दिवसाला पुरेल असं पोलाद किंवा मुलामा घ्या. आणि त्या दिवशीही, जमेल तेवढं, पुसून ठेवा.